बेट्स, बोगार्ट्स, डेव्हर्स: रेड सॉक्सचं नेमकं कुठे बिनसलं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "बॉस्टनजवळ श्रूसबरीला राहतो. मुलाच्या नादाने बेसबॉल बघायला लागलो आणि आता मीच जास्त बघतो. रेड सॉक्सने मूकी बेट्स देऊन टाकला, झँडर बोगार्ट्सला जाऊ दिलं, राफाएल डेव्हर्सशी अवाढव्य करार केला आणि अडीच वर्षांत त्यालाही विकलं. फ्रंट ऑफिसला (खेळाडू घ्यायचे-विकायचे हे ठरवणाऱ्या व्यवस्थापनाला) काही कळत नाही, की मालक कंजूष आहे? आणि एखादा ट्रेड, म्हणजे दोन क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल, बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं?"

खेळाडूंचे करार आणि त्यांची किंमत यांचा हिशोब करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली काही एका मेजर लीग क्लबच्या विश्लेषण विभागात. माझं मत आधीच सांगून टाकतो. बेट्सचा ट्रेड चुकीचा होता, आणि तो ज्या दिवशी झाला त्याच दिवशी चुकीचा होता. बोगार्ट्सला शेवटी जी किंमत मिळाली त्या किमतीला न घेणं बरोबर होतं. डेव्हर्सला विकणं पैशांच्या हिशोबात पटण्यासारखं आहे, पण ती वेळ येऊ देणं हा ढिसाळ कारभार होता. तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान दिसते: निर्णय समोरच्या खेळाडूकडे बघून झाला नाही, आधीच्या निर्णयाची भरपाई म्हणून झाला.

आयपीएलची सवय असलेल्यांसाठी आधी एक गोष्ट. बेसबॉलमध्ये लिलाव नसतो. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की सहा हंगाम तो क्लबच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारावर (2025 मध्ये 7 लाख 60 हजार डॉलर), पुढची तीन आर्बिट्रेशनने (लवादाने) ठरणाऱ्या पगारावर. त्यानंतर तो फ्री एजंट, म्हणजे कुठेही जायला मोकळा. त्यामुळे ट्रेडमध्ये नुसता खेळाडू विकला जात नाही, त्याच्यावरच्या ताब्याची उरलेली वर्षं विकली जातात. तीन वर्षं उरलेला खेळाडू आणि एक वर्ष उरलेला तोच खेळाडू हे बाजारात दोन वेगळे माल आहेत. बेट्सच्या प्रकरणात सगळं इथेच अडलं.

लोक बेट्सचा विषय फेब्रुवारी 2020 पासून सुरू करतात. मी मार्च 2019 पासून करतो. रेड सॉक्सने 2018 ची वर्ल्ड सिरीज जिंकली होती, बेट्स अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, बॅटिंग ॲव्हरेज .346. त्या आनंदात तेव्हाचे फ्रंट ऑफिसचे प्रमुख डेव्ह डोम्ब्रोव्स्की यांनी आधी पिचर (चेंडू टाकणारा) नेथन इओव्हाल्डीला चार वर्षांचे 6 कोटी 80 लाख डॉलर दिले आणि मार्चमध्ये दुसरा पिचर क्रिस सेलला पाच वर्षांचे 14 कोटी 50 लाख. सेलचा खांदा 2018 मध्येच कुरकुरत होता आणि त्याच्या चालू कराराचं एक वर्ष अजून शिल्लक होतं, म्हणजे घाई करायचं काही कारण नव्हतं. नवा करार लागू व्हायच्या सुमारास त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. 2020 चा हंगाम पूर्ण गेला, 2021 मध्ये तो 9 सामन्यांत सुरुवातीचा पिचर होता, 2022 मध्ये फक्त 2. डेव्हिड प्राइसचा सात वर्षांचा 21 कोटी 70 लाखांचा करार आधीपासून डोक्यावर होताच. तिशी ओलांडलेल्या किंवा तिच्या उंबरठ्यावरच्या तीन पिचरांवर पैसा बांधला गेला आणि पंचविशीतल्या सर्वोत्तम आउटफिल्डरसाठी, म्हणजे बेट्ससाठी, जागा उरली नाही. बेट्स गेला तो खरा तेव्हा. फेब्रुवारी 2020 मध्ये फक्त कागद झाले.

मग लक्झरी टॅक्स आला. पगाराच्या ठरावीक मर्यादेवर जितका खर्च, त्यावर दंड. पहिल्या वर्षी 20 टक्के, सलग दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 50. एक वर्ष मर्यादेखाली राहिलं की पाटी कोरी होते आणि पुन्हा 20 पासून मोजणी. रेड सॉक्सने 2018 आणि 2019 अशी दोन्ही वर्षं मर्यादा ओलांडली होती, तीही बेसबॉलमधला सर्वात मोठा पगारखर्च करून. 2020 ची मर्यादा होती 20 कोटी 80 लाख डॉलर. सप्टेंबर 2019 मध्ये डोम्ब्रोव्स्की यांना काढलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मालक जॉन हेन्री जाहीरपणे म्हणाले की पुढच्या वर्षी मर्यादेखाली यायचं आहे. ऑक्टोबरमध्ये टँपा बे रेजमधून हाइम ब्लूम यांना त्यांच्या जागी आणलं.

इथे जरा थांबतो, कारण फ्रंट ऑफिसच्या कामातली सर्वात महाग चूक हीच आहे. आपल्याला विकावंच लागणार हे बाजाराला कळलं की बाजार भाव पाडतो. समोरच्या क्लबच्या खोलीत बसून पाहा. बेट्सचं एकच वर्ष शिल्लक. 2 कोटी 70 लाखांचा पगार, आर्बिट्रेशनच्या टप्प्यातल्या खेळाडूला तोवर मिळालेला सर्वात मोठा. मालकाने मर्यादेचा आकडा स्वतःच सांगून टाकलेला. शिवाय रेड सॉक्सला प्राइसचंही ओझं उतरवायचंय. अशा वेळी डॉजर्ससारखा हुशार क्लब आपले वरच्या यादीतले नवोदित कशाला देईल?

हिशोब असा मांडतात. राखीव फळीतल्या कुठल्याही खेळाडूच्या जागी हा असला तर संघाचे किती विजय वाढतील, याचा अंदाज आधी बांधायचा. बेट्ससाठी 2020 चा अंदाज साधारण 6 विजय असा धरा. एक जादा विजय बाजारात विकत घ्यायचा तर तेव्हा 80 ते 90 लाख डॉलर पडायचे, असं बहुतेक जण धरत. म्हणजे बेट्सच्या एका वर्षाच्या खेळाची किंमत 5 कोटींच्या आसपास. पगार वजा केला की क्लबच्या हातात सव्वादोन-अडीच कोटींचं मोल उरतं, आणि ट्रेडमध्ये तेवढंच विकता येतं. आता त्यातच प्राइस बांधा: वय 34, तीन वर्षं, 9 कोटी 60 लाख. त्यातले निम्मे रेड सॉक्सने भरायचं कबूल केलं, तरी उरलेले निम्मे डॉजर्सनी उचलले. बेट्सचं मोल मोठ्या प्रमाणात तिथेच खर्ची पडलं. परत आले अलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग.

आधीचा मसुदा वेगळा होता. त्यात मिनेसोटा ट्विन्स तिसरे होते आणि तरणाबांड पिचर ब्रुस्डार ग्रॅटरोल बॉस्टनला येणार होता. त्याचे वैद्यकीय कागद बघून रेड सॉक्सने पाय मागे घेतला. बाहेर त्यावरून खूप टीका झाली, पण हा भाग मी आतून पाहिलेला आहे आणि माझं मत टीकाकारांपेक्षा वेगळं आहे. बातमी फुटते तेव्हा ट्रेड झालेला नसतो. नावं ठरली की दोन्ही बाजू एमआरआय, जुन्या दुखापतींच्या नोंदी, इंजेक्शनांच्या तारखा एकमेकांना उघड करतात. डॉक्टर बघतात आणि सांगतात, हा मुलगा सुरुवातीचा पिचर म्हणून 150 इनिंग टिकेल की शेवटच्या इनिंगपुरताच. या एका वाक्याने किंमत निम्म्यावर येऊ शकते. ग्रॅटरोल पुढे डॉजर्सकडेच गेला आणि रिलीव्हर (सामन्याच्या उत्तरार्धात थोड्या इनिंगपुरता येणारा पिचर) म्हणूनच खेळला. डॉक्टरांचं वाचन बरोबर होतं. चूक होती ती मूळ सौद्यात.

बरं, बेट्सला ठेवता आलं असतं का? रेड सॉक्सची बाजू अशी की त्याला राहायचंच नव्हतं. बातम्यांत आलेले आकडे पाहा. क्लबने 10 वर्षांचे 30 कोटी देऊ केले, बेट्सने 12 वर्षांचे 42 कोटी मागितले. जुलै 2020 मध्ये, स्टेडियमं रिकामी आणि सगळा धंदा बसलेला असताना, त्याने डॉजर्सशी 12 वर्षांचा 36 कोटी 50 लाखांचा करार केला. 30 आणि 42 यांचा मध्य काढला तर 36 येतो. वाटाघाटीत दोन बाजू इतक्या जवळ असतील तर तो खेळाडू 'जाणारच होता' हे मला पटत नाही. डॉजर्सनी त्याच्यासोबत 2020, 2024 आणि 2025 च्या वर्ल्ड सिरीज जिंकल्या. पण मी ट्रेडला चूक म्हणतो ते या विजयांमुळे नाही. वेळ चुकली, मालकाच्या बोलण्याने भाव पडला, आणि प्राइसचं ओझं त्याच व्यवहारात घातलं, ही तिन्ही कारणं त्या दिवशीही समोर होती.

तुलनेला ह्वान सोटो घ्या. वॉशिंग्टन नॅशनल्सनी त्याला 15 वर्षांचे 44 कोटी देऊ केले, त्याने नकार दिला. क्लबने वेळ घालवला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये, ताब्याची अडीच वर्षं शिल्लक असताना, त्याला सॅन डिएगो पाड्रेसला दिलं आणि बदल्यात सी. जे. एब्रम्स, मॅकेंझी गोर, जेम्स वूड असे खेळाडू घेतले. मोठा तारा विकायचाच असेल तर तो असा विकतात. तरीही नॅशनल्स वर आले नाहीत, आणि तो ट्रेड करणारे माइक रिझो यांना जुलै 2025 मध्ये काढलं गेलं. एका चांगल्या ट्रेडने क्लब उभा राहत नाही. त्यामागे खेळाडू घडवणारी माणसं लागतात.

बॉस्टनला मिळालेल्यांचं काय झालं तेही बघू. व्हर्डुगो चार हंगाम बरा खेळला आणि डिसेंबर 2023 मध्ये थेट यँकीजला दिला गेला. डाउन्स या ट्रेडमधला हुकमाचा एक्का समजला जात होता. त्याला 2022 च्या डिसेंबरात वेव्हरवर सोडलं, म्हणजे हवा त्या क्लबने उचलावा असा मोकळा केला. वाँग कॅचर म्हणून टिकला.

बोगार्ट्सबद्दल थोडक्यात. 2019 मध्ये त्याने क्लबला परवडेल असा करार केला होता, 6 वर्षांचे 12 कोटी, 2022 नंतर बाहेर पडायची मुभा ठेवून. 2022 च्या वसंतात क्लबने त्यात एक वर्ष आणि 3 कोटी वाढवून देऊ केल्याचं छापून आलं. इमानाने खेळलेल्या शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) ते अपमानास्पद वाटलं असेल तर नवल नाही. त्याच सुमारास ट्रेव्हर स्टोरीला 14 कोटींवर घेतलं. डिसेंबरात पाड्रेसनी बोगार्ट्सला 11 वर्षांचे 28 कोटी दिले, वयाच्या तिशीत. तेवढे मीही दिले नसते. मात्र त्याच वर्षी रेड सॉक्स आपल्या गटात तळाला राहूनही लक्झरी टॅक्सची मर्यादा थोडक्यात ओलांडून बसले, आणि त्यामुळे बोगार्ट्स व इओव्हाल्डी गेल्याची ड्राफ्टमधली (नवोदित निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधली) भरपाई चौथ्या फेरीनंतर ढकलली गेली. बेट्सला ज्या मर्यादेसाठी दिलं, तीच मर्यादा काही मिळवल्याशिवाय ओलांडली. कारभार म्हणून मला या सगळ्या काळात सर्वात जास्त खटकलेली गोष्ट हीच.

पुढे काय झालं ते तुम्ही बॉस्टनमध्येच पाहिलं असेल. जानेवारी 2023 मध्ये रेड सॉक्सच्या फेनवे पार्क मैदानावर आइस हॉकीचा सामना भरवला होता आणि तिथे प्रेक्षकांनी हेन्री यांची हुर्यो उडवली. त्याच आठवड्यात डेव्हर्सच्या कराराची बातमी आली: 10 वर्षं, 31 कोटी 35 लाख, 2033 पर्यंत. हा करार हुर्योमुळेच झाला असं मी म्हणणार नाही, बोलणी आधीपासून चालू होती. पण दोन तारे गमावल्यावर तिसऱ्याला कुठल्याही किमतीला ठेवायचंच, हा दबाव त्यात होता. तिसऱ्या बेसवर डेव्हर्सचे हात कच्चे आहेत हे सगळ्या लीगला माहीत होतं. बॅट मात्र जबरदस्त. अशा खेळाडूशी दहा वर्षांचा करार करताना तिसरा बेस किती वर्षं, त्यानंतर कुठे, हे त्याच टेबलावर बोलून घ्यायचं असतं. डेव्हर्सच्या म्हणण्यानुसार त्याला उलट सांगितलं गेलं होतं, तिसरा बेस तुझाच.

सप्टेंबर 2023 मध्ये ब्लूम यांना काढलं, क्रेग ब्रेस्लो आले. स्वतः पिचर होते, 2013 च्या विजेत्या संघात होते, येलमधून शिकलेले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी अलेक्स ब्रेगमनला घेतलं. तोही तिसऱ्या बेसचा, आणि डेव्हर्सपेक्षा कितीतरी चांगला क्षेत्ररक्षक. संघाच्या दृष्टीने निर्णय बरोबर. पण फोर्ट मायर्सच्या हंगामपूर्व शिबिरात डेव्हर्स वार्ताहरांसमोर उभा राहून सांगत होता की तिसरा बेस ही माझी जागा आहे. मग तो डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा, व्हायला तयार झाला. मे महिन्यात पहिल्या बेसवरच्या ट्रिस्टन कासासच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याला पहिल्या बेसबद्दल विचारलं गेलं. तो चिडला, ते जाहीरपणे बोलला. हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. 15 जूनला, यँकीजना तिन्ही सामन्यांत हरवल्यानंतर काही तासांत, त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला दिलं गेलं.

यात डेव्हर्सची बाजूही मला कळते. खेळाडूला शब्द देतो तो क्लब, असं खेळाडू समजतो. प्रत्यक्षात शब्द देणारा माणूस दोन वर्षांनी नोकरीवरून गेलेला असतो आणि नव्या माणसाच्या फाइलमध्ये त्या शब्दाची नोंदच नसते. करारात पगार, बोनस, ट्रेडला नकार देण्याचा हक्क सगळं ओळीओळीने लिहिलेलं असतं. जागेबद्दलचं बोलणं फोनवर, हॉटेलच्या लॉबीत, एजंटसमोर होतं. नवा प्रमुख आला की पहिल्या महिन्यात त्याने प्रत्येक मोठ्या कराराच्या खेळाडूसमोर बसून विचारायला हवं, तुला काय सांगितलं गेलंय? अर्ध्या तासाचं काम आहे. डेव्हर्सच्या बाबतीत ते आधी झालं असतं, तर ब्रेगमनच्या आगमनाची बातमी त्याच्यापर्यंत धक्का म्हणून गेली नसती.

आता पैशांची बाजू. 25 कोटींहून जास्त रक्कम बाकी होती, ती जायंट्सनी उचलली. मैदानात जागा नसलेल्या, 2033 मध्ये 37 व्या वर्षात असणाऱ्या हिटरसाठी हा फार मोठा भार होता आणि तो उतरला हे खरं. पण परत आलेले जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, जेम्स टिब्स आणि होजे बेयो हा ऐवज फिका होता, त्यातल्या हिक्सचा करार तर स्वतःच ओझं. टिब्सला सहा आठवड्यांत डस्टिन मेसाठी डॉजर्सकडे पाठवलं. विकायची घाई बाजाराला पुन्हा कळली होती.

ट्रेडनंतर रेड सॉक्स 52 जिंकले, 37 हरले, म्हणून ट्रेड बरोबर, असं म्हणणारे खूप भेटतात. जायंट्स 81-81 वर थांबले, हेही पुढे करतात. या आकड्यांवर मी फारसा भर देत नाही. तरुण आउटफिल्डर रोमन अँथनी ट्रेडच्या आठवडाभर आधीच वर आला होता आणि पिचर गॅरेट क्रोशे जबरदस्त हंगाम खेळत होता. उलट हंगाम संपल्यावर, अँथनी जखमी असताना, यँकीजविरुद्धच्या तीन वाइल्ड कार्ड (बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यातल्या) सामन्यांत बॉस्टनने मिळून 6 धावा केल्या आणि शेवटच्या सामन्यात एकही नाही. 35 होम रन मारणारी बॅट तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोची होती. तीन सामन्यांवरून निकाल देणंही बरोबर नाही, पण विजयांचा आकडा पुढे करणाऱ्यांनी हाही आकडा मोजावा.

ट्रेड ठरवायचा कसा, या प्रश्नाला दोन उदाहरणं देतो. डिसेंबर 2023 मध्ये ब्रेस्लो यांनी क्रिस सेलला 1 कोटी 70 लाख डॉलरसकट अटलांटाला दिलं आणि व्हॉन ग्रिसमला घेतलं. सेलने पुढच्याच वर्षी 18 विजय, 2.38 अर्न्ड रन ॲव्हरेज (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) आणि 225 स्ट्राइकआउट यांच्या जोरावर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. ग्रिसम चालला नाही. निकाल भयानक, पण पाच वर्षांत धड एक हंगाम न खेळलेल्या 34 वर्षांच्या पिचरला देण्याचा निर्णय त्या दिवशी वाजवी होता असं मी आजही म्हणतो. दुसरं उदाहरण ऑगस्ट 2022 चं. ह्यूस्टनला सामन्याआधी सराव चालू असताना कॅचर क्रिस्टियन वास्केझला कळलं की त्याला समोरच्याच संघाला दिलंय. बॉस्टनमध्ये लोक ब्लूम यांच्यावर खवळले. त्या ट्रेडमध्ये आलेल्या विल्यर अब्रेउने 2024 मध्ये उजव्या आउटफिल्डसाठी गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला. ब्लूम तोवर रेड सॉक्समध्ये नव्हते. म्हणून ट्रेड झाला की त्याच आठवड्यात स्वतःपुरतं लिहून ठेवा: ताबा किती वर्षं होता, विकायची सक्ती कुणाला होती, वाचलेला पैसा कुठे जाणार. तीन वर्षांनी तो कागद काढा. बेट्सच्या वाचलेल्या पैशांतून नेमकं काय उभं राहिलं, याचं उत्तर मला शोधूनही मिळत नाही.

मालक कंजूष आहे का? 2018 चा खर्च बघता तसं म्हणता येत नाही. तो दर दोन-तीन वर्षांनी दिशा बदलतो, आणि प्रत्येक वेळी माणूसही बदलतो. विजेतेपद हवं म्हणून डोम्ब्रोव्स्की, काटकसर हवी म्हणून ब्लूम, पुन्हा जिंकायचंय म्हणून ब्रेस्लो. 2021 मध्ये 92 सामने जिंकून अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेलेल्या ब्लूमना दोन वर्षांत घरी पाठवलं, तेही मालकाने सांगितलेली काटकसर केल्याबद्दल.

ब्रेस्लोना काढावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही. क्रोशेसाठी त्यांनी चार चांगले नवोदित दिले आणि फ्री एजंट व्हायच्या आधीच त्याला 6 वर्षांच्या 17 कोटींवर बांधलं. अँथनीला वर येऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, ऑगस्ट 2025 मध्ये, 8 वर्षांचा 13 कोटींचा करार दिला. बेट्सशी असं बोलणं यशस्वी व्हायची खरी वेळ 2015-16 होती, त्याचा भाव चढायच्या आधी. मुलाला घेऊन तुम्ही वूस्टरच्या पोलर पार्कला, रेड सॉक्सच्या खालच्या संघाच्या मैदानावर, जात असालच, वूस्टर तर तुमच्या शेजारीच. तिथून वर येणाऱ्या मुलांशी क्लब किती लवकर बसून बोलतो आणि काय कबूल करतो, याच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. ट्रेडच्या मुदतीच्या संध्याकाळच्या गदारोळापेक्षा फ्रंट ऑफिसचं काम तिथे जास्त स्पष्ट दिसतं.